शक्तिमापकावर मोटारीचे ट्यूनिंग : खानदेशच्या उन्हाळ्यातील एक मोजमापाचा प्रश्न

१. प्रश्नाचे स्वरूप

चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलोचे उत्पादन २०२२ साली थांबले. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ साली बाहेर पडलेली १४५ अश्वशक्तीची फियाट अबार्थ पुंटो त्याहीपूर्वी बाजारातून गेली. तेव्हाच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, जुळणी होऊन २०१७ साली विक्रीस आलेली २३० अश्वशक्तीची स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस हीदेखील आता नवी मिळत नाही. महाराष्ट्रात बनलेल्या ह्या वेगवान गाड्या ज्यांच्यापाशी आहेत ते त्या सहसा विकत नाहीत. त्या सांभाळतात, आणि सांभाळता सांभाळता त्यांत थोडेफार बदलही करतात. कोणी हवेचा फिल्टर मोकळा बसवितो, कोणी सायलेन्सर बदलतो, कोणी टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर मोठा घेतो. एवढे झाले की पुढचा प्रश्न उभा राहतो : आता ही गाडी शक्तिमापकावर, म्हणजे ज्यास कारागीर ‘डायनो’ म्हणतात त्या यंत्रावर, चढवून एंजिनाची नव्याने जुळणी करून घ्यावी काय?

हा प्रश्न वरकरणी हौसेचा व पैशाचा वाटतो. वस्तुतः तो मोजमापाचा आहे, आणि म्हणूनच त्याची चर्चा ह्या पत्रिकेत करणे अस्थानी होणार नाही. एखादे उपकरण आपणास जे दाखविते ते आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर असतेच असे नाही. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यास ही गोष्ट शिकवावी लागते. बाजारात ती पैसे देऊन शिकावी लागते. जळगाव-धुळ्यासारख्या, उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जाणाऱ्या प्रदेशात तर ती कधीकधी एंजिनाच्या मोलाने शिकावी लागते. प्रस्तुत लेखात ह्या निर्णयाची शास्त्रीय बाजू क्रमाने मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

२. शक्तिमापक काय मोजतो

शक्ती ही सरळ मोजता येत नाही; ती काढावी लागते. जुन्या मोटेच्या विहिरीचे उदाहरण घेऊ. मोटेत १०० किलो पाणी आहे, ते १० मीटर खोलीवरून वर यावयाचे आहे, आणि बैलजोडी धाव उतरून ते २० सेकंदांत वर आणते असे समजू. दर सेकंदास ५० किलोग्रॅम-मीटर एवढे काम झाले. मेट्रिक अश्वशक्ती म्हणजे दर सेकंदास ७५ किलोग्रॅम-मीटर. तेव्हा जोडीची उपयुक्त शक्ती सुमारे दोन-तृतीयांश अश्वशक्ती भरली. नाड्यावरचा ताण किती एवढेच कळून येथे भागत नाही. बैल धाव किती वेगाने उतरतात हेही कळावे लागते. ताण आणि वेग ह्या दोन मोजमापांचा गुणाकार म्हणजे शक्ती.

मोटारीच्या बाबतीत ताणाची जागा टॉर्क, म्हणजे दांड्यावरील पीळ, घेतो, आणि वेगाची जागा दर मिनिटाचे फेरे घेतात. टॉर्क न्यूटन-मीटरांत घेऊन त्यास फेऱ्यांनी गुणले व ७०२४ ने भागले की मेट्रिक अश्वशक्ती मिळते. वर उल्लेखिलेल्या व्हीआरएस गाडीचा टॉर्क उत्पादकाच्या तपशिलानुसार ४६०० फेऱ्यांपर्यंत ३५० न्यूटन-मीटर राहतो. गणित केले तर त्या फेऱ्यांस २२९ अश्वशक्ती येते, आणि जाहीर केलेल्या २३० शी ती जुळते. कोणाही विक्रेत्याने दाखविलेला आलेख पाहताना ही पडताळणी प्रथम करावी. ज्या आलेखावर टॉर्क आणि शक्ती ह्या दोन रेषा ह्या सूत्रास धरून नाहीत, तो आलेख पुढे वाचण्याचे कारण नाही.

फ्रान्समध्ये गॅस्पार्ड द प्रोनी याने १८२१ साली घर्षणाचा ब्रेक लावून फिरत्या दांड्याची शक्ती मोजण्याची युक्ती काढली. इंग्लंडात विल्यम फ्रूड याने १८७७ साली त्याच कामी पाण्याचा उपयोग केला. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून दोरीच्या ब्रेकवर जो प्रयोग विद्यार्थी करतात तो ह्याच कुळातला होय. मोटारगाडीसाठी वापरतात त्या यंत्रात मात्र एंजिन बाहेर काढीत नाहीत. गाडीची चालक चाके जड रुळांवर ठेवून पट्ट्यांनी गाडी जखडतात. रूळ किती झपाट्याने वेग घेतो ह्यावरून, अथवा विद्युत्-चुंबकीय ब्रेकने त्यास किती जोर लावून रोखावे लागते ह्यावरून, चाकांवरची शक्ती काढली जाते.

येथे पहिला गैरसमज संभवतो. चाकांवर पोहोचणारी शक्ती ही एंजिनाच्या शक्तीहून कमी असते. गिअरबॉक्स, सांधे व टायर मिळून सामान्यतः १० ते १५ टक्के शक्ती खातात. २०२० च्या एक लिटर टीएसआय पोलोचे एंजिन ११० अश्वशक्तीचे आहे. तिने रुळांवर ९५ दाखविले तर गाडी निर्दोष आहे असेच समजावयास हवे. टायरमधील हवा कमी-जास्त असणे, पट्टे अधिक आवळले जाणे, गिअरबॉक्सचे तेल थंड असणे, ह्यांपैकी कोणत्याही एका कारणाने हा आकडा एक-दोन टक्के सहज हलतो. दोन निरनिराळ्या यंत्रांवरील आकड्यांची तुलना तर करूच नये. यंत्र तेच, दिवस तोच आणि गिअर तोच असेल तरच तुलनेस अर्थ राहतो.

३. हवेचा वाटा

एंजिन हे मूलतः हवा ओढणारे यंत्र आहे. ओढलेल्या हवेत जेवढा प्राणवायू, तेवढेच इंधन जळावयाचे. हवा तापली की विरळ होते, आणि शक्ती घटते. म्हणूनच मोजलेल्या आकड्यास एका गुणकाने गुणून तो प्रमाण हवामानावर आणण्याची पद्धत आहे. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेचे जे-१३४९ हे मानक सर्वत्र प्रचलित असून त्याचे सूत्र असे आहे :

गुणक = १.१८ × (९९० ÷ कोरड्या हवेचा दाब) × √[(तपमान + २७३) ÷ २९८] − ०.१८

येथे दाब मिलिबारमध्ये व तपमान सेल्सिअस अंशांत घ्यावयाचे.

जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटर उंचीवर आहे. मे महिन्यातील दुपारी तपमान ४४ अंश, दाब ९८० मिलिबार व त्यात बाष्पाचा वाटा १५ मिलिबार धरला तर गुणक १.०७ येतो. डिसेंबरातील पहाटे तपमान १४ अंश, दाब ९९० व बाष्प १० मिलिबार धरले तर तोच गुणक ०.९९ येतो. ह्याचा अर्थ असा की, प्रमाण हवेत १०० अश्वशक्ती देणारे टर्बोविरहित एंजिन मे महिन्यात सुमारे ९३ ते ९४ देईल आणि डिसेंबरात १०१. स्क्रूसुद्धा न फिरविता एकाच गावात, एकाच गाडीत सुमारे ८ टक्क्यांचा फरक पडला.

गुणकाने हा फरक काढून टाकता येतो हे खरे. परंतु गुणकही कोणत्या गाडीस लावावयाचा हे पाहावे लागते. वरील सूत्र टर्बोविरहित एंजिनाच्या वर्तनावर आधारलेले आहे. आधुनिक टर्बो-एंजिनात संगणक ठरलेल्या भाराचे लक्ष्य गाठण्यासाठी टर्बोकडून अधिक काम करून घेतो, आणि त्यामुळे उन्हाळ्यातील तूट पुष्कळशी भरून निघते. अशा गाडीने मे महिन्यात खरोखरच १०० अश्वशक्ती दिली आणि मालकास दाखविताना तीस १.०७ ने गुणले, तर कागदावर १०७ उमटतील. ही ७ अश्वशक्ती कोठेही निर्माण झालेली नाही. ती केवळ गुणाकारातून आली आहे. हिवाळ्यात ‘आधी’चे आणि उन्हाळ्यात ‘नंतर’चे मोजमाप केले, तर ट्यूनिंग करणाराचा हेतू शुद्ध असूनही मालकाची फसगत होते.

४. वाढ किती, आणि ती दिसेल काय

आता अपेक्षित वाढीकडे वळू. टर्बोविरहित गाडीत फिल्टर व सायलेन्सर बदलून नंतर ट्यूनिंग केले तरी एकंदर वाढ सहसा दोन-चार टक्क्यांपलीकडे जात नाही. अशी वाढ यंत्र ओळखू शकेल काय हे पाहण्यासाठी, निव्वळ उदाहरणादाखल कल्पिलेले आकडे घेऊ. ट्यूनिंगपूर्वीच्या तीन धावांत चाकांवरील शक्ती ८८.१, ८७.४ व ८८.६ आली, नंतरच्या तीन धावांत ८९.०, ८८.३ व ९०.१. पहिली सरासरी ८८.०, दुसरी ८९.१, म्हणजे वाढ १.१ अश्वशक्ती. परंतु दोन्ही गटांतील विखुरणे ध्यानात घेता ह्या फरकाची प्रमाण त्रुटी ०.६ च्या आसपास येते, आणि फरक त्रुटीच्या पावणेदोन पटच ठरतो. इतक्या थोड्या धावांवरून निष्कर्ष काढावयाचा तर तो पावणेतीन पटीच्या वर असावा लागतो. तेव्हा संख्याशास्त्राच्या दृष्टीने येथे वाढ सिद्ध झालेली नाही. विक्रेता मात्र पहिल्या गटातील सर्वांत लहान आणि दुसऱ्या गटातील सर्वांत मोठा आकडा शेजारी शेजारी ठेवून २.७ अश्वशक्तीची वाढ दाखवील, आणि त्यात एकही आकडा खोटा नसेल.

टर्बो गाडीची गोष्ट निराळी. तेथे केवळ संगणकातील नकाशा बदलून टर्बोचा दाब वाढविता येतो आणि १५ ते ३० टक्के वाढ मिळू शकते. ही वाढ यंत्राच्या त्रुटीच्या मानाने इतकी मोठी आहे की तिच्याविषयी शंका उरत नाही. पारोळ्याच्या पुढे मोकळ्या महामार्गावर एखादा मालमोटार ओलांडताना चालकाच्या पाठीलाच ती कळते.

ह्यावरून एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. जेथे वाढ लहान आहे, तेथे शक्तिमापक ती खात्रीने दाखवू शकत नाही; जेथे वाढ मोठी आहे, तेथे ती सिद्ध करण्यासाठी शक्तिमापकाची गरज नाही. मग हौशी मालकाला ह्या यंत्राचा उपयोग तरी काय? तो आहे, आणि मोठा आहे. पण तो अश्वशक्तीच्या आकड्यात नाही. पूर्ण भाराखाली एंजिनाच्या आत काय चालले आहे हे रस्त्यावर कोणास धोका न पोहोचविता पाहता येते, हा तो उपयोग होय.

५. ठिणगी, ताप आणि इंधन

सौम्य भारावर चालताना गाडीचा संगणक धुरातील प्राणवायू मोजून इंधनाचे प्रमाण क्षणोक्षणी दुरुस्त करीत असतो. त्यामुळे फिल्टर थोडा मोकळा झाला तरी तो सांभाळून घेतो. पूर्ण भारावर मात्र अनेक गाड्यांत ही दुरुस्ती बाजूस पडते आणि संगणक आपल्या साठविलेल्या तक्त्यांवर विसंबतो. तक्ते मूळ गाडीसाठी आहेत आणि गाडी बदलली आहे, अशा वेळी मिश्रण पातळ होण्याचा संभव असतो. पातळ मिश्रण व पुढे सरकविलेली ठिणगी ही जोडी एंजिनास सर्वांत घातक. उरलेला वायू ज्योत पोहोचण्यापूर्वीच आपोआप पेटतो, दट्ट्यावर घाव बसतात, आणि कारागीर ज्यास नॉकिंग म्हणतात तो आवाज सुरू होतो. तो नेहमी ऐकू येईलच असेही नाही.

येथे खानदेशाच्या हवेचे एक वैशिष्ट्य नजरेस आणावयाचे आहे. समजा, जळगावच्या मालकाने गाडी पुण्यास नेऊन तेथे ट्यूनिंग करून घेतले. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. तेथे ३० अंश तपमान व ९४५ मिलिबार दाब असता हवेची घनता दर घनमीटरास १.०९ किलोग्रॅम येते. जळगावात ४४ अंश व ९८० मिलिबार असता ती १.०८ येते. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे! पुण्याची हवा उंचीमुळे विरळ, जळगावची उष्णतेमुळे विरळ. एंजिनास दोन्हीकडे तेवढीच हवा, तेवढेच इंधन आणि जवळजवळ तेवढीच शक्ती. शक्तीचा आलेख पाहणारास दोन्ही गावे एकच वाटतील.

परंतु नॉकिंगला घनतेपेक्षा तपमान अधिक कळते. सिलिंडरात शिरतानाच हवा १४ अंशांनी अधिक तापलेली असेल, तर दाबल्यावर तिचा ताप त्याहून अधिक अंशांनी वाढतो, आणि आपोआप पेटण्याची वेळ जवळ येते. पुण्याच्या गारव्यात ठिणगी शेवटच्या सुरक्षित अंशापर्यंत पुढे सरकवून मिळविलेली चार अश्वशक्ती जळगावच्या मे महिन्यात उसनी ठरते. नॉक-सेन्सर सावध असेल तर तो ठिणगी मागे घेऊन ती परत करील. नसेल, किंवा ट्यूनिंग करणाराने त्याची संवेदनक्षमता कमी करून ठेवली असेल, तर दट्ट्याच त्याची किंमत देईल. शक्तीसाठी असलेल्या दुरुस्ती-गुणकात ह्या धोक्याला कोठेच स्थान नाही.

इंधनाचीही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. शुद्ध पेट्रोलचा एक भाग पूर्ण जळण्यास वजनाने १४.७ भाग हवा लागते. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांपर्यंत व २०२५ साली २० टक्क्यांपर्यंत आले. २० टक्के मिश्रणास सुमारे १३.५ भागच हवा पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेस सुमारे ८ ते ९ टक्के अधिक इंधन द्यावे लागते. जो नकाशा काही वर्षांपूर्वी निराळ्या पेट्रोलवर पूर्ण भारासाठी बेतला गेला, तो आजच्या पेट्रोलवर त्या मानाने पातळ ठरतो. संगणकाची दीर्घकालीन दुरुस्ती ही तूट काही अंशी भरून काढते, पण तिला मर्यादा आहे. इथेनॉल नॉकिंगला विरोध करते आणि वाफ होताना हवेस थोडे थंडही करते हेही नमूद करणे न्याय्य होय. तरीही ‘पूर्वी एकदा ट्यूनिंग झाले आहे’ एवढ्यावर निश्चिंत राहणे योग्य नाही. मिश्रणाची नोंद हवा-इंधन प्रमाणात न मागता लॅम्ब्डा ह्या गुणोत्तरात मागावी. ते इंधन बदलले तरी त्याच अर्थाने वाचता येते. पूर्ण भारावर टर्बोविरहित एंजिनास ०.८६ ते ०.९० आणि टर्बो-एंजिनास त्याहून थोडे कमी लॅम्ब्डा सामान्यतः सुरक्षित मानतात.

६. घाटातील परीक्षा

रुळांवरची एक धाव दहा-पंधरा सेकंदांत संपते. पुढे मोठा पंखा चालू असतो आणि दोन धावांमध्ये एंजिनास विसावा दिला जातो. धुळ्याहून इंदूरकडे जाताना शिरपूर सोडल्यावर सेंधव्याच्या अलीकडे बिजासनचा घाट लागतो, किंवा चाळीसगावहून कन्नडकडे जाताना औट्रम घाट चढावा लागतो. मालमोटारींच्या रांगेमागून मे महिन्यातील दुपारी हा चढ चढणे ही परीक्षा निराळी आहे.

पेट्रोलमधील उष्णतेचा ढोबळमानाने एक-तृतीयांश भाग कामी येतो, एक-तृतीयांश धुरावाटे जातो आणि तेवढाच पाण्यावाटे रेडिएटरकडे येतो. शक्ती २५ टक्के वाढविली, तर ती पुरी वापरली जात असताना रेडिएटरकडे येणारी उष्णताही जवळजवळ त्याच प्रमाणात वाढते. आता रेडिएटरची बाजू पाहू. पाणी ९५ अंशांवर आहे असे धरू. बाहेर २५ अंश असता दोहोंतील अंतर ७० अंश. बाहेर ४४ अंश असता ५१ अंश. उष्णता बाहेर फेकण्याची क्षमता ह्या अंतराच्या प्रमाणात असल्याने ती सुमारे २७ टक्क्यांनी घटली. एकीकडे उष्णता पंचवीस टक्क्यांनी अधिक, दुसरीकडे ती फेकण्याची ताकद सत्तावीस टक्क्यांनी कमी. थंड कार्यशाळेतील आलेखावर ह्यांपैकी काहीही दिसत नाही. ट्यूनिंग करणारास म्हणूनच एक-दोन धावांचा सर्वोच्च आकडा न विचारता, लागोपाठ पाच धावा घेतल्यावर पाचवीत शक्ती किती उरली, आत येणाऱ्या हवेचे तपमान किती चढले आणि ठिणगी किती अंश मागे आली, हे विचारावे.

टॉर्क वाढला की भार केवळ एंजिनावरच पडतो असेही नाही. १.२ लिटरच्या पोलो जीटी टीएसआयमधील सात गतींच्या कोरड्या क्लचच्या गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन-मीटर सांगितली जाते. मूळ एंजिन १७५ देते. ट्यूनिंगने २४० झाले तर कागदावर सर्व मर्यादेत आहे. परंतु मूळ रचनेतील ७५ न्यूटन-मीटरचा राखीव साठा आता १० वर आला, हेही कागदावरच लिहावयास हवे.

७. कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांहून भिन्न होतील असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्या तत्त्वाचा पुनरुच्चार केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक अननुज्ञेय बदलास पाच हजार रुपये दंड, अथवा सहा महिन्यांपर्यंत कारावास, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. धुरातील घातक वायू शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे हे कायद्याच्या तसेच सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीनेही गैर आहे. हमी व विमा ह्यांवर होणारा परिणाम मालकाने आपल्या करारपत्रात आधी वाचून घ्यावा. गाड्यांचे अधिकृत मोजमाप पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ह्या १९६६ साली स्थापन झालेल्या संस्थेत होते. तेथील आणि खाजगी कार्यशाळेतील शक्तिमापकाचे तत्त्व एकच असले तरी दोहोंच्या कागदास सारखे वजन नाही, हे वेगळे सांगावयास नको. अंगात वेग असलेल्या गाडीची परीक्षा सार्वजनिक रस्त्यावर घेण्याचा मोह तर सर्वथा टाळावा. धुळ्याहून आग्रा मार्गाने पुढे गेल्यास पिथमपूर येथे २०२१ साली उद्घाटन झालेली ११.३ किलोमीटरची अतिवेगवान चाचणी-धाव आहे. असली कामे बंदिस्त जागेत करावयाची असतात, ह्याचे ते ठळक उदाहरण होय.

८. निर्णय कसा करावा

वरील विवेचनावरून निर्णयाची दिशा बऱ्याच अंशी स्पष्ट होते. गाडी टर्बोविरहित आहे आणि बदल फिल्टर-सायलेन्सरपुरते आहेत, अशा स्थितीत शक्ती वाढविण्यासाठी शक्तिमापकावर खर्च करू नये. मिळणारी वाढ हवेच्या फरकाहून लहान असते आणि यंत्राच्या त्रुटीत बुडून जाते. तोच पैसा नवे टायर, ब्रेकचे तेल आणि रेडिएटरची सफाई ह्यांकडे वळविल्यास गाडी अधिक चांगली चालेल. ट्यूनिंगशिवाय निव्वळ मोजमापाच्या तीन धावा घेऊन मिश्रणाचा लॅम्ब्डा पाहून घेणे मात्र हितावह आहे. तो सुरक्षित मर्यादेत आढळल्यास नकाशास हात लावू नये.

हवा मोजणाऱ्या भागात बदल झाला असेल, कॅमशाफ्ट अथवा इंजेक्टर बदलले असतील, किंवा टर्बोचा नकाशा आधीच कोणी बदलला असेल, तर शक्तिमापकावर जाणे ही चैन राहत नाही. ती तपासणी होय, आणि ती चुकवू नये. मात्र जाताना मागणी बदलून जावे. ‘किती अश्वशक्ती निघेल’ असे न विचारता, ‘४४ अंशांत, पंपावर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलवर, भरल्या गाडीने घाट चढताना हे एंजिन सुरक्षित राहील असा नकाशा द्या’ असे सांगावे. शक्य तर अंतिम जुळणी उन्हाळ्यात करावी. उन्हाळ्यात सुरक्षित ठरलेला नकाशा हिवाळ्यात थोडी शक्ती सोडून देतो एवढेच. हिवाळ्यात कडेपर्यंत ताणलेला नकाशा उन्हाळ्यात दट्ट्या सोडून देतो. मूळ नकाशाची प्रत, प्रत्येक धावेची कच्ची नोंद, त्या वेळचे तपमान व दाब, आणि लावलेला गुणक, एवढे कागद हाती आल्याखेरीज काम पुरे झाले असे समजू नये.

पदव्युत्तर विद्यार्थ्यास ह्या सर्वांत नवे असे काहीच नाही. त्रुटीहून लहान फरकास अर्थ देऊ नये, दुरुस्ती-गुणक कोणत्या गृहीतांवर उभा आहे ते पाहावे, आणि उपकरण जेथे वापरावयाचे त्या परिस्थितीत ते तपासावे, हे तीन नियम तो पहिल्याच वर्षी वहीत लिहून घेतो. मोटारीच्या कार्यशाळेत रंगीत आलेख समोर आला असता तेच नियम आठवणे अधिक कठीण जाते, कारण तेथे आकडा आपल्याच गाडीचा असतो आणि तो मोठा निघावा अशी आपलीच इच्छा असते. मे महिन्याच्या दुपारी घाटमाथ्यावर पोहोचून एंजिन बंद केल्यावर जे मोजमाप उरते, ते मात्र कोणाच्याही इच्छेवर अवलंबून नसते.